चार संगम आणि चटणीची बरणी

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि मी माहेरी साताऱ्यात होते. पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, शुक्रवारी संध्याकाळी निघतोय आम्ही दोघं. शनिवार सातारा, रविवार सांगली. कुठं काय खायचं तेवढं सांग, लिहून घेते." मी म्हटलं, "लिहून नको घेऊ. मला गाडीत घे, नाहीतरी मला सांगलीला परतायचंच आहे."

माझं माहेर सातारा, सासर सांगली. गेली 22 वर्षं उन्हाळ्यात मी कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते. त्या निमित्तानं दोन्ही गावांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत माझं येणं-जाणं झालं. मला मनापासून वाटतं, की इथं येणाऱ्या पाहुण्याला या मुलखाची खरी चव क्वचितच मिळते. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात मी 'गावरान थाळी' मागवली होती. रश्शावर बोटभर लाल तेल, भाकरी गार, खर्ड्यात मिरचीपेक्षा कूटच जास्त. शेजारच्या टेबलावरचं मुंबईचं कुटुंब घाम पुसत एकमेकांना सांगत होतं, हीच ती सातारी चव. मला फार लागलं ते. आमच्याकडचं तिखट जेवणाऱ्याला रडवण्यासाठी नसतं. भाकरीला चव यावी, चार घास जास्त जावेत, म्हणून असतं.

म्हणून मी भाचीला सांगितलं, हायवेवरच्या पाट्या वाचत जायचं नाही, कृष्णेच्या मागं जायचं. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाईवरून साताऱ्याकडे येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. चार संगम, दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर. दोन दिवसांत आरामात होतं. नदीच्या पश्चिमेला जावळी-पाटणचा धो धो पाऊस, तिथं तांदूळ, नाचणी, उडीद. पूर्वेला माण-खटाव, आटपाडी, जतचा कोरडा माळ, तिथं बाजरी, हुलगा, मटकी. आणि मधे नदीकाठचे मळे, त्यांत ऊस, हळद, शाळू, वांगी. सातारा-सांगलीच्या ताटात काय येतं ते पाऊस किती पडतो यावर ठरत आलं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे वार. भाचीचे यजमान नागपूरचे, सावजीवर वाढलेले. त्यांना मटण खायचंच होतं. पण आमच्याकडे खाणारी बहुतेक घरं बुधवार, शुक्रवार, रविवारच धरतात, शनिवारी नाही. आणि रविवारी आम्हाला वाडीला दत्ताच्या पायाशी जायचं होतं, तेव्हा रविवारही गेला. राहिली शुक्रवारची रात्र. पोहोचल्या पोहोचल्या त्यांना एका जुन्या खानावळीत नेलं. ताटात सुकं, रस्सा, बाजरीची भाकरी, आणि शेजारी एका वाटीत पांढुरकं, पातळ असं काहीतरी. "हे काय, मावशी?" जावईबापूंनी विचारलं. म्हटलं, "तेच आधी घ्या. अळणी."

अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. हळद, मीठ, आलं-लसूण, कुणी कोथिंबिरीचं वाटण घालतं. यात लाल चटणी पडायच्या आत ते बाजूला काढतात. यात्रेच्या दिवशी घरातल्या लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना आधी अळणी भात वाढतात, मग मोठ्यांची पंगत. साताऱ्याच्या रश्शाची परीक्षा खरं तर या वाटीतच होते, कारण तिथं मसाल्याआड लपायला जागा नसते. जावईबापूंनी दोनदा मागून घेतली. रश्शाकडे ते नंतर वळले.

सकाळी मोती चौकात. सातारा म्हटलं की कंदी पेढा, हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण तो नुसता डबा भरून नेण्याचा पदार्थ झाला आहे. दुकानात उभं राहून, ताजा, एकच पेढा खावा. मोदी, लाटकर अशी पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं आहेत, तिथं मागितला तर चाखायला देतात. इतर पेढे पांढरे किंवा केशरी, मऊ. हा तपकिरी. खवा कढईत मंद आचेवर इतका परततात की त्यातलं पाणी निघून जातं, दुधातली साखर भाजली जाते आणि रंग बदामी होतो. त्यामुळे वरून साखर कमी घालावी लागते आणि पेढा टिकतोही जास्त. बोटांनी मोडून बघा, आत बारीक दाणा दिसतो आणि वास येतो तो खरपूस दुधाचा. इंग्रज अमदानीतल्या साहेबांनी त्याला 'कँडी' म्हटलं आणि त्याचं कंदी झालं, अशी कथा सातारकर आवडीनं सांगतात. मला तर तो डोंगराकडच्या म्हशींचा पेढा वाटतो. चांगलं दूध नसेल तर कितीही परता, हा वास येत नाही.

दुपारी दादाच्या घरी जेवायला गेलो. वहिनीला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, घुटं कर.

उडदाचं घुटं हा साताऱ्याचा खरा मानकरी आहे आणि हॉटेलांत तो जवळजवळ नाहीच. सालासकटची काळी उडीद डाळ आधी तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायची. मग ती मऊ शिजवायची आणि गरम असतानाच रवीनं घोटायची. घोटायची म्हणूनच घुटं. मिक्सर लावला की डाळीची चिकट खळ होते. रवीनं घोटलं की ती एकजीवही होते आणि दाण्याचा खरबरीतपणाही थोडा राहतो. दुसरीकडे हिरवी मिरची, भरपूर लसूण, जिरं, सुकं खोबरं आणि कोथिंबिरीच्या काड्या पाट्यावर वाटायच्या. तेलात जिरं-हिंगाची फोडणी, त्यात हे वाटण, लसणाचा कच्चेपणा गेला की घोटलेली डाळ आणि गरम पाणी. लाल तिखटाचा कणही नाही. रंग राखाडी-हिरवा, दिसायला अगदी साधा. जावईबापू ताटाकडे बघून जरा थांबले, ते मी पाहिलं.

वहिनीनं त्यांच्या ताटात बाजरीची भाकरी चुरली, मधे खळगा केला, त्यात वाफाळतं घुटं ओतलं आणि वर कच्च्या तेलाची धार सोडली. कांदा सुरीनं न कापता बुक्कीनं फोडून दिला. नंतर दहा मिनिटं कुणी बोललं नाही. "मामी, हे बाहेर कुठंच कसं मिळत नाही?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "गरिबाचं कालवण म्हणून लोक पाहुण्याला वाढायला लाजतात."

ही लाज जावी असं मला फार वाटतं. साताऱ्यात येणाऱ्यांनी एक करावं. मुक्काम घरगुती असेल किंवा खानावळ ओळखीची झाली असेल, तर आदल्या दिवशी सांगावं की उद्या घुटं करा, हुलग्याचं माडगं करा, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी करा. मागणाऱ्याचं तोंड बघून करणाऱ्या बायकांना केवढा आनंद होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माडगं म्हणजे हुलग्याचं पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून शिजवलेली पेज, लसूण-जिऱ्याची. माणदेशात थंडीत, आजारपणात, पावसात भिजून आल्यावर हमखास होते. वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच कुळातला. दाण्यावर वाघाच्या पट्ट्यांसारखे पट्टे, म्हणून वाघ्या. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बराचसा माल उत्तरेकडच्या बाजारात जातो आणि साताऱ्यात येणारा पर्यटक मात्र पंजाबी राजमा मागवतो.

सज्जनगडावर जायला या खेपेला वेळ नव्हता. ज्यांना असेल त्यांनी दुपारच्या प्रसादाची वेळ साधावी. पंगतीतली गव्हाची खीर खाऊन गड उतरावा.

माहुलीला थोडं थांबलो. कृष्णा-वेण्णेचा संगम, काठावर जुनी दगडी देवळं, रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. तिथून कराड पन्नासेक किलोमीटर. वाटेत उंब्रजकडून पालीचा फाटा लागतो. पौषात तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि सगळं गाव भंडाऱ्यानं पिवळं होतं. भाचीनं विचारलं, एवढी हळद येते कुठून? म्हटलं, उद्या दाखवते.

कराडला प्रीतिसंगमावर संध्याकाळ झाली. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोरून येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून एकत्र वाहू लागतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच आहे. घाटावर भेळ, कणसं मिळतात, पण मी पोट राखून ठेवायला सांगितलं होतं, कारण पुढं अख्खा मसूर होता.

अख्खा मसूर हा जुना पदार्थ नाही. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांनी तो नावारूपाला आणला. पण जमिनीशी इमान राखणारा आहे. सालासकट मसूर भिजवून शिजवायचा, कांदा-टोमॅटो आणि लाल चटणीच्या मसाल्यात घट्ट रटरटवायचा, वरून कोथिंबीर. सोबत तंदूर रोटी आणि कांदा, बास. दाणा अख्खा राहिला पाहिजे पण जिभेवर विरघळला पाहिजे, ही त्याची खूण. डाळ फुटून वरण झालं असेल तर तो ढाबा सोडून पुढचा गाठावा. दोघांनी एक हंडी घेतली की पुरते आणि बिल बघून शहरातल्या माणसाला आश्चर्य वाटतं.

रात्री सांगलीत, माझ्या घरी.

सांगलीत माणूस सकाळी उठला की त्याला दोन गोष्टी दिसतात, गणपतीचं देऊळ आणि भडंगाची पिशवी. हरभट रोडवर दुकानं उघडायची वेळ गाठली तर ताजं भडंग मिळतं. भडंग म्हणजे चिवडा नव्हे, हे आधी सांगते. चिवड्यात पोहे, डाळं, काजू, मनुका अशी गर्दी असते. भडंगात चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, एवढेच गडी. चिरमुरे मात्र इथलेच हवेत, टपोरे आणि कुरकुरीत. तेलात शेंगदाणे तळून घ्यायचे, मग सालासकट ठेचलेला लसूण, तो तांबूस होईपर्यंत धीर धरायचा, त्यावर कढीपत्ता, मग गॅस बंद करून हळद आणि तिखट. गॅस चालू ठेवला तर तिखट करपतं आणि सगळं भडंग कडवट होतं. नंतर चिरमुरे, मीठ आणि थोडी पिठीसाखर, आणि दोन्ही हातांनी वरखाली करत राहायचं, एकेका चिरमुऱ्याला रंग लागेपर्यंत. माझे सासरे सांगायचे, नाटकाच्या मध्यंतराला भडंगाचा पुडा आणि चहा ठरलेला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून सांगलीला नाटकाचं वेड. वेड सासऱ्यांना नाटकाचं, मला भडंगाचं. घरी आणल्यावर त्यात बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला आणि लगेच खा. पाच मिनिटं थांबलात तर मऊ पडेल.

दुपारच्या आधी हरिपूरला गेलो. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. संगमेश्वराच्या देवळापाशी वारणा कृष्णेला मिळते. भाचीला हळदीचं उत्तर द्यायचं होतं. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ, आणि हरिपूरच्या जमिनीत माणूस आत उतरेल एवढी पेवं होती. मातीच्या पोटातली ही कोठारं. त्यांत हळकुंडं भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. 2005 च्या महापुरात कृष्णा पेवांत शिरली. हळद भिजली आणि पेवंही खचली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, माल आता शीतगृहांत आणि गोदामांत राहतो. पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पेवातली हळद वेगळी ओळखायच्या, नुसत्या वासावरून.

हरिपूरहून येताना वांगी घेतली. कृष्णाकाठच्या वांग्यांचं एवढं कौतुक का, ते हातात घेतल्यावर कळतं. पूर ओसरला की नदी काठावर गाळ सोडून जाते, त्या मळीत ही वांगी होतात. देठाला काटे, साल पातळ, आत बी कोवळं आणि थोडं. थंडीत ती सगळ्यात चांगली. निवडताना देठ बघायचा, हिरवा आणि ताठ हवा. वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर आत बी भरलेलं असतं.

भरली वांगी मी भाचीकडूनच करून घेतली. देठ ठेवून चार चिरा, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. सारणात भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, तीळ, सुकं खोबरं, कोथिंबीर, लिंबाएवढा गूळ, थोडी चिंच, आणि चटणी. तिनं विचारलं, "कुठली चटणी? शेंगदाण्याची?" हा प्रश्न बाहेरचे सगळेच विचारतात. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा लाल मसाला. आमटी, उसळ, रस्सा, पिठलं, सगळ्यात तीच पडते. दुसरा गरम मसाला लागत नाही. कांदा-लसूण मसाला म्हणून बाजारात पुडे मिळतात ते हेच, पण पुड्यात कांद्याची जागा बऱ्याचदा तेल आणि मीठ घेतं.

मी करते ती अशी. एक किलो मिरचीत अर्धी ब्याडगी रंगासाठी, उरलेल्यात संकेश्वरी चवीला आणि लवंगी झणक्याला. देठ काढून कडक उन्हात दोन दिवस. कांदा उभा चिरून तेलात बदामी. तो पुरता कोरडा झाला नाही तर श्रावणात चटणीला बुरशी येते. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धने, जिरं, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, हळकुंड, हिंगाचा खडा, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण लवंग होईतो खसखस जळते. मग पाटी डोक्यावर घेऊन डंकावर. मिरच्या आणि मसाले कुटून झाल्यावर शेवटी कांदा आणि सोललेला लसूण टाकतात. तेव्हा कोरडी पूड ओलसर होते आणि डंकाचा आवाज बदलतो. ठण ठण करणारा आवाज दबका, जड येऊ लागतो. त्या आवाजावरून मला कळतं की लसूण नीट मिसळला. माहेरी लसूण जास्त घालत, सासरी खोबरं. मी दोन्ही घालते.

शाळूची भाकरी, भरली वांगी, खर्डा, ताक. जावईबापूंनी वांग्याचा देठसुद्धा चोखून खाल्ला, तेव्हा मला समाधान वाटलं.

वाडी वीसेक किलोमीटर. जिल्हा कोल्हापूर, पण सांगलीकराला ती आपलीच वाटते. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी थेट देवळात शिरतं, थंडीत घाट मोकळा असतो. दर्शन झालं की बाहेर बासुंदी घ्यावी, दाट, साय मोडून घातलेली. आणि कवठाची बर्फी जरूर घ्यावी, आंबट-गोड, दुसरीकडे सहसा न मिळणारी. गुरुचरित्रात अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची कथा आहे. त्याच्या बायकोनं नरसिंह सरस्वतींना दारच्या घेवड्याची भाजी वाढली. जेवून जाताना स्वामींनी तो वेलच उपटून टाकला आणि वेलाखाली धनाचा कुंभ निघाला. घाटावर बसून भाचीला ती कथा सांगितली. घुटं वाढायला लोक लाजतात, हे तिच्या डोक्यात असावं. "म्हणजे भिक्षेत घेवड्याची भाजीच वाढली होती?" असं तिनं पुन्हा विचारून घेतलं.

गाडीत बसताना चटणीची बरणी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर फडकं बांधून. ओला चमचा घालू नको, असं दोनदा बजावलं. चैत्रात भाची पुन्हा येणार आहे, त्या वेळी चार दिवस. संकेश्वरी मिरची आली की कळवते, म्हटलं. देठ काढायला दोन हात जास्तीचे मिळतील.